चादरीचं दुसरं टोक

ता. ६ एप्रिल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे गुडघे माझं ऐकत नाहीत आणि कान कुणाचंच ऐकत नाहीत, बाकी ठीक. तू फोन करतोस तेव्हा डबीत माशी अडकल्यासारखी गुणगुण ऐकू येते आणि मी आपली हो हो म्हणत राहते. मागच्या वेळी कशाकशाला हो म्हणाले ते तुलाच ठाऊक. तेव्हा पत्रच बरं. समोरच्या दारचे कंपाउंडरभाऊ लिहून घेतात, आलेलं वाचूनही दाखवतात. जन्मभर डॉक्टरांची अक्षरं लावली त्यांनी, तुझं अक्षर म्हणजे त्यांना पेढीवरची पाटी. फक्त मला ऐकू यावं म्हणून इतक्या मोठ्याने वाचतात की जिन्यावरची माणसं थांबून पुढची बातमी विचारतात.

(त्या सांगतात तसेच मी लिहीत आहे. जिन्यावर कुणी थांबत नाही. – कंपाउंडर)

थांबतात. लिहा भाऊ, लिहा.

आता गंमत ऐक. आमच्या इथल्या महिला मंडळाने मला भाषणाला बोलावलंय. विषय काय, तर ‘एकटीने यशस्वी मुलं कशी घडवावीत’. मी म्हटलं, बायांनो, मी अंगठा उठवणारी बाई, मला कसलं भाषण सांगता? तर त्यांच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या की तुमची मुलगी एवढ्या मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका, मुलगा लिफ्टच्या कंपनीत सगळ्यात वरचा इंजिनिअर, तेव्हा तुमच्याजवळ काहीतरी गुपित असणारच. मी म्हटलं, मुलगा वर असणारच, लिफ्ट त्याच्याच ताब्यात आहे.

भाऊ म्हणतात, शिस्त, संस्कार आणि त्याग यांवर बोला. मी म्हटलं, हे तीन शब्द एका बाटलीवर चिकटवा आणि खाली ‘हलवून घ्या’ असं लिहा. मी काय केलं ते मला माहीत आहे. मी चादरींच्या घड्या घातल्या. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत दिवसभर तेच काम. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, एका टोकाला मी, दुसऱ्याला माझी जोडीदारीण. घरी तुझे वडील गेल्यावर दुसरं टोक धरायला कुणी उरलं नाही. म्हणून ताईला धरायला लावलं, आणि ती शिकायला बाहेर गेल्यावर तुला. तू एवढासा, स्टुलावर उभा राहून धरायचास. आठवतो ना आपल्या घरचा कायदा? चादर ताणायची, चालत एकमेकांसमोर यायचं, आणि कोपऱ्याला कोपरा भिडला की मनात असेल ते एकाने बोलून टाकायचं. समोरच्याने घडी पुरी होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही. गणितात नापास झाल्याचं तू मला असंच सांगितलंस. हात उगारायची फार इच्छा झाली, पण दोन्ही हातांत चादर!

हे मंडळात कसं सांगू? म्हणतील, म्हातारीने पोरांना घरकामाला जुंपलं आणि आता त्याला संस्कार म्हणते.

आजीची मुंगी कशी आहे? तिची आई जाऊन वर्ष उलटलं, आणि तुझी पत्रं तेव्हापासून तारेसारखी आखूड झाली आहेत. पोरीची वेणी कोण घालतं? तू घालत असशील तर वेणीसारखी घाल, लिफ्टची केबल वळल्यासारखी नको.

बाकी काय सांगू. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
आई
(अंगठा तिचाच)


ता. १४ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुंगीने मला वाचून दाखवलं, अगदी कंपाउंडरभाऊंच्या आवाजात. केबलच्या वाक्याला आम्ही दोघंही हसलो. वेणी मीच घालतो आणि ती केबलसारखीच होते, घट्ट आणि सरळ. शाळेत पोचेपर्यंत तिचे डोळे ताणलेले राहतात म्हणे.

आई, तू विचारतेस फोनवर कशाला हो म्हणालीस. आता हसू की रडू कळेना. मी तुला मुंगीच्या मावशीचं सांगत होतो. मावशीचं म्हणणं आहे की मुंगीला तिच्याकडे राहायला पाठवावं, नुसतं सुट्टीपुरतं नाही, मोठी होईपर्यंत. घर मोठं आहे, दोन मावसबहिणी आहेत, कुत्रा आहे, आणि मुख्य म्हणजे घरात बाई आहे. मुलगी आता वाढीला लागेल, तुम्ही एकटे काय काय बघाल, असं तिने फार मायेने विचारलं. तू हो हो म्हणालीस, मला केवढा धीर आला होता! आता कळलं की तो धीर माशीचा होता.

तरी मी तिला जवळजवळ हो म्हटलं आहे. नवं सत्र जूनच्या सुरुवातीला आहे. त्याआधी मुंगीला पोचवायचं.

तू रागावशील म्हणून आधीच सांगतो. मला झेपत नाही, आई. सकाळी अंडं करपतं, डबा विसरतो, मोज्यांच्या जोड्या लागत नाहीत. मागच्या आठवड्यात एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली, आत माणसं, मी शाफ्टमध्ये. शाळेत पोचलो तर सगळी मुलं केव्हाच गेलेली आणि मुंगी वॉचमनच्या स्टुलावर मांडीवर दप्तर घेऊन बसलेली. वॉचमनला सांगत होती की माझे बाबा अडकलेल्या लोकांना सोडवतात, म्हणून त्यांना उशीर होतो. मला ऐकवेना. मी तिथेच ठरवलं की हे पोरीवर अन्याय करणं आहे.

घरकाम मी तिच्यावर टाकत नाही, एवढं मात्र पाळतो. रविवारी चादरी धुतो, मशीनमधून काढतो आणि घडी एकटाच घालतो. एक काठ हनुवटीखाली धरायचा आणि दोन्ही हात पसरायचे. मुंगी टोक धरायला येते, पण मी म्हणतो राहू दे, तू खेळ जा. आई नसलेल्या मुलीला आणखी ओझं कशाला?

तिला मावशीचं सांगितलं तेव्हा ती ‘चालेल’ म्हणाली. रडली नाही, काही नाही. लहान मुलं लवकर सावरतात असं दिसतं.

तू आम्हा दोघांना एकटीने वाढवलंस. ते तुला कसं जमलं, ते भाषणाआधी मला सांग. नाहीतर निदान आशीर्वाद दे, म्हणजे पाय उचलेल.

भाऊंना नमस्कार. तुझ्या लोभाच्या आधारावर उभा असलेला,

बाळ


ता. २० एप्रिल

चि. बाळास,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊंनी वाचलं. ‘झेपत नाही’ या शब्दापाशी आले आणि त्यांचा आवाज खाली गेला, म्हणून मला ते दोनदा वाचून घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी जिनाभर ऐकू गेलं. आता खालच्या मजल्यावरची मास्तरीणसुद्धा तुझ्यासाठी हळहळते आहे.

आधी मावशीबद्दल. ती सोन्यासारखी बाई आहे, तिच्याविषयी मनात वाकडं आणू नकोस. बहिणीचं लेकरू जवळ घ्यावंसं वाटणारच. मी हुकूमही सोडत नाही. पोर तुझी, घर तुझं, अंडं तुझं, करपवायचं तर करपव.

पण तू विचारलंस कसं जमलं, तर ऐक. ताई शिकायला गेली त्या साली तुझ्या काकांनी तुला मागितलं होतं. त्यांचंही घर मोठं, दारात गाडी. तुझ्या भल्याचंच म्हणत होते. मी नाही म्हटलं. लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे! कसली खंबीर? त्या दिवशी पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला, आणि माझ्या मनात एवढंच आलं की हा गेला तर दुसरं टोक धरणार कोण? मी तुला सांभाळलं हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तू स्टुलावर चढून मला सांभाळत होतास. तुला ते ओझं वाटलं होतं का रे? मला तर आठवतं, तुझी उंची वाढून स्टुलाची गरज संपली तेव्हा तू आळीभर सांगत सुटला होतास.

आता ‘चालेल’चं. दुकानात हवा तो साबण नसला की दुकानदार दुसरा पुढे करतो आणि आपण म्हणतो चालेल. तू मुंगीला विचारलंस, की नुसतं सांगितलंस? विचारणं वेगळं, सांगणं वेगळं. विचारून बघ. आणि उत्तर आल्यावर लगेच बूट घालून पळू नकोस, जरा बस तिथे.

वेणीचं असं, की केस आधी ओले कर, फणी खालून वर ने, टाळूपासून ओढू नकोस. पोरीचे केस आहेत, शाफ्ट नव्हे.

आशीर्वाद मागितलास, तो तर तू जन्मलास तेव्हाच देऊन ठेवला आहे. कशासाठी वापरायचा ते तू बघ.

हनुवटी सांभाळ. लोभ धरून ठेव, सुटू देऊ नकोस.

तुझी
आई

(ता. क. – पत्र सांगून झाल्यावर त्यांनी जुने स्टूल पुसून ठेवले. मी चहा केला. – कंपाउंडर)


ता. २७ एप्रिल

ती. आजीस,
मुंगीचा वाकून नमस्कार.

आजी, हे पत्र गुपित आहे. कंपाउंडरआजोबांनी ते हळू वाचावं. दार लावून घ्यावं आणि तुझ्या उजव्या कानात वाचावं, कारण डावा जास्त बिघडलाय असं बाबा म्हणतात. आणि आजोबांनीही शपथ घ्यावी.

मी मावशीकडे जाणार आहे ते तुला माहीत आहे. मला मावशी आवडते. कुत्राही आवडतो. पण मी त्यासाठी जात नाहीये. मी बाबा फोनवर मावशीला सांगत होते ते ऐकलं. ते म्हणाले की मी फार थकलोय. आणि ते खरं आहे, आजी. ते कामावरून येतात आणि बूट न काढताच खुर्चीत झोपतात. मी हळूच लेस सोडते. जागे झाले की त्यांना वाटतं त्यांनीच सोडली. मी गेले तर त्यांना डबा करावा लागणार नाही, शाळेत पळत यावं लागणार नाही, वेणी घालावी लागणार नाही. मग त्यांना नीट झोपता येईल.

मी घरात काही कामाची असते तर राहिले असते. पण बाबा मला काहीच करू देत नाहीत. कप विसळायला घेतला की म्हणतात राहू दे. झाडू घेतला की राहू दे. चादर हनुवटीखाली धरतात आणि ती सारखी निसटते, तेव्हा मी दारात उभी असते. तरी म्हणतात, राहू दे, खेळ जा. मी कुणाशी खेळू? तू बाबांना लहानपणी स्टुलावर उभं करायचीस ते वाचलं तेव्हा मला वाटलं, बाबांची किती मज्जा होती.

मी ‘चालेल’ म्हणायचा आरशासमोर सराव केला आहे. आता म्हणताना रडू आल्यासारखा ओठ हलत नाही.

तू हे बाबांना सांगू नकोस. सांगितलंस तर ते मला जाऊ देणार नाहीत आणि मग आणखी थकतील. एकच विचारायचं होतं. तू एकटी राहतेस, तर घरात कुणी नसल्यावर बाबांना करमेल का? काय केलं की करमतं? ते लिही, पण तसं बाबांना कळू न देता लिही.

माझ्यावरचा लोभ मी तिकडे गेल्यावरही इतकाच ठेव.

तुझी
मुंगी


ता. २ मे

ती. आईस,
सा. न.

थोडक्यात लिहितो. तू म्हणालीस तसं विचारलं. परवा सकाळी समोर बसवून तिकडचं सगळं सांगितलं, स्वतंत्र खोली, बहिणी, कुत्रा, खिडकीतून दिसणारं मैदान. मग म्हटलं, तुला काय वाटतं? तिने हसून सांगितलं, “चालेल बाबा, छान आहे.” बूट घातले नाहीत, बसून राहिलो. तिने पाव संपवला आणि दप्तर भरायला गेली.

तेव्हा ठरलं. काल तिच्यासाठी सुटकेस आणली. घरातल्या पॅसेजमध्ये उभी आहे.

तुला म्हणून सांगतो, आई. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मी त्या नाहीचीच वाट पाहत होतो. पण पोरीला जिथे सुख वाटतंय तिथून माझ्या आधारासाठी तिला मागे ओढणं बरं नव्हे. यातलं एक अक्षरही तिला कळता कामा नये. ती माझ्यासाठी राहील, आणि ते मला नको आहे.

लोभ असू दे, सध्या त्याची गरज जास्त आहे.

बाळ


ता. ८ मे

चि. बाळ आणि चि. मुंगी,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद, वाटून घ्या.

मी अडाणी बाई. मला काही माहीत नाही. कुणी मला काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असेल तर कान खराब असल्याने ऐकू आलेलं नाही. कंपाउंडरभाऊंनाही काही माहीत नाही. परवा त्यांनी दार लावून माझ्या उजव्या कानाशी एक औषधाची जाहिरात वाचली, एवढंच.

(खरे आहे. – कंपाउंडर)

माझं भाषण झालं. सभागृहात खुर्च्या भरलेल्या, टेबलावर पाण्याचा ग्लास, समोर माईक. मी माईकला म्हटलं, तू बाजूला हो बाबा. घरून एक चादर नेली होती. अध्यक्षीणबाईंना म्हटलं, धरा टोक. त्या हसत हसत उठल्या. ताणली, दुमडली, चालत समोरासमोर आलो. मी म्हटलं, आता मनात असेल ते बोला, मी मध्ये बोलणार नाही. त्या आधी हसल्या, मग एकदम म्हणाल्या की माझा मुलगा गेल्या वर्षापासून माझ्याशी बोलत नाही. बिचारीला डोळे पुसायचे होते, पण हात कुठे मोकळे? त्यानंतर बायकांनी टोक धरायला रांग लावली. भाषण राहिलंच. शिस्त, संस्कार, त्याग भाऊंच्या खिशात घडी घालून परत आले.

आता कामाचं. सोबत पार्सल आहे. त्यात लॉन्ड्रीने निरोपाच्या दिवशी मला दिलेली मोठी चादर आहे, दोन पलंग जोडले तरी खाली लोळेल एवढी. धुतली आहे, पण घडी घातलेली नाही. माझे हात आता खांद्याच्या वर जात नाहीत. तुम्ही दोघांनी तिची लॉन्ड्रीतल्यासारखी घडी घालून मला परत पाठवायची. मुंगी जाण्याआधी. ही तुमची ती इलॅस्टिकवाली चादर नव्हे, जिचा कसाही गोळा केला तरी खपतो. आणि बाळ, ही हनुवटीत मावणार नाही. मी मोजून पाहिलंय, तुझी हनुवटी मला ठाऊक आहे, मीच केली ती.

मुंगे, कायदा तुला माहीत आहे. कोपरे भिडले की एकाने बोलायचं, मग पुढच्या घडीला दुसऱ्याने. घडी पुरी होईपर्यंत उत्तर नाही. ‘चालेल’ हा शब्द चादरीवर चालत नाही. चादर धरलेल्या माणसाला दार आपटून जाता येत नाही, तोंड झाकता येत नाही, कामाचा फोन घेता येत नाही. लॉन्ड्रीत आम्ही सगळ्या बायका एकमेकींच्या घरचं असंच जाणत होतो, आणि एका वॉर्डची चादर कधी दुसऱ्या वॉर्डात गेली नाही. माझ्याकडूनही जाणार नाही.

पार्सलची वाट बघते. लोभ दोन्ही टोकांनी धरावा.

तुमची
आई आणि आजी


ता. १६ मे

ती. आजीस,
मुंगीचा नमस्कार आणि बाबांचाही. ते शेजारी बसून मोजे जुळवताहेत. हे पत्र गुपित नाही, आजोबांनी हवं तेवढ्या मोठ्याने वाचावं.

तुझी चादर आमच्या खोलीत मावेना. एक टोक खिडकीला लागलं तर दुसरं स्वयंपाकघरात गेलं. म्हणून आम्ही बाहेर लिफ्टसमोरच्या लांब पॅसेजमध्ये गेलो. बाबांनी सवयीने हनुवटी पुढे केली. मी म्हटलं, आजीचं पत्र! मग त्यांनी हात पुढे केले.

पहिल्यांदा कोपरे भिडले. बाबा म्हणाले की मोठ्या माणसाने सुरुवात करायची असते. मग ते म्हणाले की घरातल्या त्या सुटकेसची त्यांना भीती वाटते, तिच्याजवळून जाताना ते भिंतीकडे बघत जातात. मला बोलायचं होतं, पण कायदा.

दुसऱ्या घडीला माझी पाळी. मी सांगितलं की तुम्ही मावशीला फोनवर थकलोय म्हणालात ते मी ऐकलं, म्हणून मी चालेल म्हणाले. लेसचंही सांगितलं. बाबांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, कायदा! त्यांनी मिटलं. त्यांचं नाक लाल झालं होतं आणि पुसता येत नव्हतं.

तिसऱ्या घडीला ते म्हणाले की मी ज्या दिवशी तुला विचारलं, त्या दिवशी तू नाही म्हणावंस म्हणून मी आतून नुसता थांबलो होतो. पुढची पाळी माझी. मी म्हटलं, नाही. मग पुन्हा म्हटलं, नाही, नाही, नाही. सरावाचं काहीच कामाला आलं नाही, ओठ हललाच.

मग बाबांनी चादर सोडली, आजी. कायदा मोडला. सगळी चादर खाली पडली आणि आम्ही तिच्यावर बसून रडलो. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि वरच्या मजल्यावरच्या शिंपीणआजी पिशव्या घेऊन आत उभ्या. चुकून आमच्या मजल्याचं बटण दाबलेलं, आणि बाहेर पडायला जागाच नव्हती. त्या म्हणाल्या की लिफ्टचा इंजिनिअर लिफ्टसमोर बसून रडतोय, म्हणजे मी जिन्यानेच गेलेलं बरं! मग बाबा इतके हसले की त्यांना उचकी लागली. शिंपीणआजींनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या की शाळा सुटल्यावर मुलीने माझ्याकडे बसावं, मशीनला सोबत होईल. बाबा म्हणणार होते की नको, राहू दे, तुम्हाला त्रास. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, चालेल. पण हे खरं चालेल होतं.

मावशीला बाबांनी फोन केला. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की रविवारी तरी मुलगी माझी, आणि तुम्हाला वेणी मी शिकवते. सुटकेस पलंगाखाली गेली. आता रविवारी निघण्याआधी मी टोक धरते. कपही मी विसळते. एक फुटला, बाबा राहू दे म्हणाले नाहीत, केरसुणी दिली.

चादरीची घडी आम्ही परत घातली, पण दोघांनाही मध्येमध्ये हसू येत होतं. नीट झालेली नाही. लॉन्ड्रीत चालली नसती ना?

आमच्यावरचा लोभ आता दोघांना मिळून एकाच पत्त्यावर पाठव.

तुझी
मुंगी

(आई, घडी वाकडी आहे, माफ कर. आणि परवा मी संध्याकाळी जागा झालो तर बुटांच्या लेसा सुटलेल्या होत्या. मी डोळे मिटूनच पडून राहिलो. – बाळ)


ता. २४ मे

चि. बाळ आणि चि. मुंगी,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद. या वेळी वाटू नका, प्रत्येकाला वेगळे आहेत.

पार्सल पोचलं. काय ती घडी! एक कोपरा जीभ काढल्यासारखा बाहेर, मधोमध फुगवटा, काठाला काठ नाही. लॉन्ड्रीत असती तर मुकादमीणबाईने तोंडावर फेकली असती. भाऊ म्हणाले, द्या, मी टोक धरतो, नीट करू. मी त्यांच्या हातावर चापट मारली.

(जोरात मारली. – कंपाउंडर)

ती चादर मी कपाटात वरच्या फळीवर तशीच ठेवली आहे. मी जन्मात घातलेली कुठलीच घडी मी नंतर हात फिरवून पाहिली नाही. ही पाहते.

मंडळाच्या बायका परवा पुन्हा आल्या होत्या. म्हणतात, भाषण अर्धवट राहिलं, यशस्वी मुलांचं गुपित सांगायचं राहिलं. मी म्हटलं, माझ्या मुलाला एक अंडं धड करता येत नाही, वेणी येत नाही, चादर येत नाही, पण त्याच्या पोरीने नाही म्हटलेलं त्याला ऐकू आलं. याहून मोठा इंजिनिअर मला माहीत नाही. त्यांना काही कळलं नाही. बिस्किटं खाऊन गेल्या.

मुंगे, तू विचारलं होतंस की घरात एकटं माणूस असलं तर काय केलं की करमतं. ते आता सांगते, बाबाला कळलं तरी चालेल. तुझा बाबा शिकायला बाहेर गेला आणि मी एकटी उरले, तेव्हा मीही चादर हनुवटीखालीच धरू लागले. पुष्कळ वर्षं. पण तो यायच्या आधीच्या दिवसांत मी धुतलेल्या चादरी तशाच ठेवून द्यायची. तो दारात पाऊल टाकायचा तर खुर्चीवर हा ढीग. त्याला वाटायचं आई म्हातारी झाली, आळशी झाली. बॅग खाली ठेवायचा, बडबडत बाह्या वर करायचा आणि पहिलं टोक उचलायचा. मग मला सगळं कळायचं, कोण मित्र, कोणती परीक्षा, आणि कोपऱ्याला कोपरा भिडल्यावर एकदा तुझ्या आईचं नावसुद्धा.

तेव्हा बाळ, हात खांद्याच्या वर जात नाहीत हे खरं. पण भाऊ रोज विचारतात की मी टोक धरू का, आणि मी रोज नको म्हणते.

सुट्टी अजून थोडी उरली आहे. दोघं या. मुंगीची उंची पुरणार नाही, पण स्टूल अजून आहे.

लोभ काही मागत नाही, टोक धरायला माणसं मागते.

तुमची
आई, आजी

(ता. क. – खुर्ची दिसेनाशी झाली आहे. मला बसायला जागा नाही. कृपया लवकर निघावे. – कंपाउंडर)